पाणी चाखून पाहणारी माणसं

जूनमध्ये पाऊस दहा-बारा दिवस लागून पडला की बाबा शेतावर जायचे. खांद्यावर नांगर नसायचा, टोपलीत बियाणं नसायचं. धोतर गुडघ्याच्या वर खोचून ते खाचरात उतरायचे, ओंजळभर पाणी उचलायचे, जिभेच्या टोकाला लावायचे आणि थुंकून टाकायचे. मग दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन तेच. पुन्हा तिसऱ्या कोपऱ्यात. "अजून खारं हाय," म्हणाले की त्या दिवशी पेरणीचा विषय संपला. घरी भिजवून मोड आणायला ठेवायचं भात कणगीतच राहायचं.

मलाही ते चाखायला लावायचे. सात-आठ वर्षांची असेन. सुरुवातीला मला सगळंच पाणी सारखं लागायचं. मग हळूहळू कळायला लागलं की खारटपणाच्याही पायऱ्या असतात. एक घशाला लागतो, एक जिभेच्या कडांना लागतो, आणि एक इतका पुसट की पाणी थुंकल्यावर त्याची जाणीव होते. भात पेरायचं ते या शेवटच्या पायरीला.

आज मी पेणला शाळेत विज्ञान शिकवते. पाण्यातले क्षार मोजायचं लहानसं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत आहे. ते घेऊन मी चार-पाच वर्षं जूनमध्ये आमच्या खाचरात जाते. यंत्रावरचा आकडा आणि बाबांची जीभ यांच्यात मला अजून मोठा फरक आढळलेला नाही. फरक पडलाय तो तारखांमध्ये. पाणी पेरण्याजोगं गोडं कधी होईल याचा अंदाज पूर्वी गावातली कुठलीही म्हातारी बाई देऊ शकायची. आता तो कुणालाच देता येत नाही.

मुंबईहून अलिबागला निघालात की वडखळ सोडल्यावर धरमतरचा पूल लागतो. पुलाखालून वाहते ती अंबा. खोपोलीच्या वरच्या डोंगरात उगम पावून जांभूळपाडा, नागोठणं करत ती इथवर येते, पण इथं ती नदी उरलेली नसते, खाडी झालेली असते. दिवसातून दोनदा समुद्र तिच्यातून वर चढतो आणि दोनदा उतरतो. पूल ओलांडला की उजव्या हाताला खाडीच्या कडेनं पसरलेला सपाट, झाडं कमी असलेला मुलूख दिसतो. तो आमचा खारेपाट. अलिबाग आणि पेण तालुक्यांतली ही गावं आणि त्यांची भातशेतं उधाणाच्या भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. मुंबई बंदरात पावसाळ्यातली मोठी भरती साडेचार मीटरच्या वर जाते. त्या वेळी आमच्या बांधावर उभं राहिलं की एका बाजूला खाडीचं पाणी छातीएवढं उंच आणि दुसऱ्या बाजूला, त्याच्या कितीतरी खाली, हिरवं भात असं दिसतं. पाहुण्यांना ते पाहून भीती वाटते. आम्हाला लहानपणी वाटायची नाही, कारण बांध होता.

बांध म्हणजे चिखलमातीची लांबलचक भिंतच, बाहेरच्या अंगाला दगड रचलेली. आणि बांधाचं काळीज म्हणजे उघाडी. गोष्ट अगदी साधी आहे. बांधातून आरपार एक मोरी काढायची आणि खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेलं फळ्यांचं दार बसवायचं. भरती आली की बाहेरचं पाणी दाराला दाबतं आणि दार घट्ट बसतं. ओहोटी लागली की आतलं पाणी दाराला बाहेर ढकलतं आणि दार उघडतं. माणसानं हात लावायचा नाही. पहिल्या पावसाचं पाणी खाचरात साचतं, मातीतलं मीठ आपल्यात घेतं आणि ओहोटीला उघाडीतून खाडीत जातं. पुन्हा पाऊस, पुन्हा पाणी तुंबवायचं, पुन्हा सोडायचं. असं आठ-दहा वेळा धुतल्यावर जमीन भाताला जागा देते. उन्हाळ्यात खालचं मीठ मातीच्या बारीक फटींतून वर चढतं आणि मे महिन्यात शेतावर पांढरी खपली दिसते. म्हणजे ही धुलाई दर वर्षी नव्यानं करायची.

गोव्यात हीच विद्या खाजन नावानं शेकडो वर्षं चालत आली आहे. तिथल्या दाराला मानस म्हणतात. मी एकदा मांडवीच्या काठचं एक मानस पाहिलं आणि तिथल्या शेतकऱ्याशी बोलले. शब्द निराळे होते, पण ओहोटीला दार उघडल्यावर पाणी जो घुमल्यासारखा आवाज करतं, तो ऐकून आम्ही दोघंही एकदमच थांबलो.

खारेपाटात एका बांधानं राखलेल्या शेतांच्या समूहाला जोळ म्हणतात. जोळ म्हणजे जमीन आणि जोळ म्हणजे ती कसणारी माणसंही. ज्याची जेवढी जमीन, तेवढे त्याच्या घरचे हात बांधाला. होळी झाली की ही कामं निघायची. खाडीतला चिखल कापून, हातोहात फेकत वर आणायचा आणि बांध चढवायचा. बायका, मुलं, सगळे. आणि पावसाळ्यात अमावास्या-पुनवेच्या उधाणाला रात्रपाळ्या लागायच्या. कंदील घेऊन पुरुष बांधावर फिरायचे, कारण बांधाचा सगळ्यात मोठा वैरी लाट नसते, चिंबोरी असते. ती बांधात बीळ करते. बोटभर बिळातून पाण्याची धार लागली की तासाभरात तिचं भगदाड होतं, त्याला आम्ही खांड म्हणतो. खांड पडली की एका रात्रीत तीन-चार वर्षांचं पीक जातं, कारण मातीत शिरलेलं मीठ निघायला तेवढे पावसाळे लागतात. म्हणून बाबांच्या कमरेला कोयता असायचा आणि हातात मळलेल्या चिखलाचा गोळा.

या बांधांच्या मागे मोठा इतिहास आहे आणि तो आमच्या गावांबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं. बांध घालायची, राखायची मेहनत कुळांची आणि पिकातला मोठा वाटा खोतांचा, अशी इथली रीत होती. २७ ऑक्टोबर १९३३ला चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. खोतांची जमीन कसायची नाही. आजूबाजूची पंचवीस गावं त्यात उतरली आणि तो संप १९३९पर्यंत, म्हणजे सहा वर्षं चालला. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. माझी आजी तेव्हा पंधरा वर्षांची होती. घरात भाताचा दाणा नाही, अशी सहा वर्षं. ती सांगायची, "खारीनं जगवला आमाला." निवट्या, चिंबोऱ्या, कालवं, खुबे, बोईट. खाडीच्या चिखलात हात घालून जे मिळेल ते. मी हे विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा मुद्दाम थांबते. परिसंस्था हा शब्द पाठ्यपुस्तकात आहे, त्याची व्याख्याही आहे. पण दुष्काळासारख्या सहा वर्षांत पंचवीस गावांना तगवून नेणारा चिखल, ही गोष्ट त्या व्याख्येत मावत नाही.

पुढे १९४८ला खारजमिनींचा कायदा आला, १९७९ला महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला. बांधांची जबाबदारी सरकारनं घेतली. दगड, सिमेंट, यंत्रं आली, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर जोळाची कामं थांबली. त्यात सगळा दोष कायद्याचा नाही. तरुण पोरं कारखान्यांत, बंदरांत, मुंबईत नोकरीला गेली. माझे दोन्ही भाऊ गेले. बिळात चिखलाचा गोळा बसवायला आता रात्री बांधावर कोण आहे? सात वर्षांपूर्वी आमच्या जोळात छोटी खांड पडली. पहिल्या दिवशी ती दोन हात होती, चार माणसांनी भरली असती. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत अर्ज फिरेपर्यंत ती बावीस हात झाली. मी स्वतः मोजली.

आता जिताड्याविषयी सांगते, कारण त्याच्याशिवाय खारेपाट कळत नाही.

आमच्या घरामागे तळं आहे. गोड्या पाण्याचं, पावसानं भरणारं. खारेपाटातल्या बहुतेक जुन्या घरांमागे असं तळं असतं. पावसाळ्यात खाडीच्या कडेला, उघाडीच्या तोंडाशी जिताड्याची बोटाएवढी पिल्लं सापडतात. पाग किंवा बोकशी अशा जाळ्यानं ती अलगद धरायची, मडक्यात घालून पळत घरी आणायची आणि तळ्यात सोडायची. दोन-तीन वर्षांत तो मासा हातभर होतो. लग्न, बारसं, लांबचा पाहुणा, असं काही असलं की बाबा तळ्यात जाळं टाकायचे. जावयाच्या ताटात जिताडा पडला नाही तर सासरच्यांची मान खाली जाते असं आमच्याकडे मानतात.

खाऱ्यातलं पिल्लू गोड्यात जगतं कसं, हा प्रश्न मला बी.एस्सी.ला गेल्यावर पडला. जिताडा हा दोन्ही पाण्यांचा मासा आहे. मोठे मासे अंडी घालायला खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात जातात. पिल्लं भरतीबरोबर आत येतात, खाडीकाठच्या तिवराच्या झाडांच्या मुळांत लपतात, पाणथळीत, भरल्या शेतात शिरतात, नदीच्या गोड्या पाण्यापर्यंत चढतात. तिथं खाऊन-पिऊन मोठी होतात आणि पुन्हा खाली उतरतात. आणखी एक नवल असं की जिताडा तरुणपणी नर असतो आणि पुढे वाढल्यावर मादी होतो. मोठा जिताडा म्हणजे अंडी घालणारी आई. हे कळल्यापासून बाजारात खूप मोठा जिताडा दिसला की माझा पाय थबकतो.

या एका माशाला काय काय लागतं, पाहा. खाडीचं मुख स्वच्छ हवं. खाडीकाठच्या चिखलात, म्हणजे खाजणात, तिवरं हवीत. उघाडीतून ये-जा हवी. वरून नदीचं गोडं पाणी योग्य वेळी उतरायला हवं. यातली एक कडी तुटली की जिताडा नाही. पहिल्या पावसात गोड्या पाण्याच्या वासानं प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या मासळीला आम्ही वळगण म्हणतो. मृगाच्या सरी कोसळल्या की आई सूप घेऊन ओहोळाकडे धावायची. अंड्यांनी भरलेली चिवणी त्याच दिवसांत मिळायची. आता पाऊस कधी मेअखेर एक दिवस धो धो पडतो आणि मग पंधरा दिवस गायब होतो. चढलेली मासळी डबक्यात अडकते आणि उन्हानं मरते. हे मी गेल्या काही वर्षांत तीनदा पाहिलं आहे. त्या मेलेल्या माशांच्या पोटात अंडी असतात.

आता समुद्राच्या बाजूनं काय घडतंय ते सांगते.

२४ जुलै १९८९. मी अकरा वर्षांची होते. वर सुधागडात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि अंबेनं जांभूळपाडा गावावरून वाट काढली. माणसं गेली, घरं गेली. आमच्याकडे पाणी दुपारनंतर आलं. खाडी तांबडीलाल झाली होती आणि तिच्यातून वासे, कौलं, गुरं वाहत येत होती. आई तोंडाला पदर लावून उभी होती. बाबा मात्र बांधावर पाण्याची रेघ बघत होते. रात्री ते म्हणाले, "आज भांग हाय म्हणून वाचलो." पौर्णिमा होऊन सहा दिवस झाले होते. चंद्र अर्धा होता, भरती लहान होती. या लहान भरतीला आम्ही भांग म्हणतो, मोठीला उधाण. डोंगरातलं पाणी आणि समुद्रातलं पाणी एकाच वेळी चढलं असतं तर आमचं गाव दोघांच्या मध्ये सापडलं असतं. ते वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचा अर्थ कळायला वीस वर्षं लागली.

आणि तो समुद्र आता वर चढतोय. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२०च्या अहवालात उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला ३.३ मिलिमीटरनं वाढल्याचं म्हटलं आहे. मी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा एका मुलानं विचारलं, "म्हणजे पंचवीस वर्षांत किती, बाई?" गणित केलं. आठ सेंटीमीटर. मुलांनी हातावर मापून पाहिलं, चार बोटं. वर्गात सुटकेचा सूर उमटला. चार बोटांनी काय होतंय?

मग मी त्यांना उघाडी काढून दाखवली. बांधावरून पाणी येणं ही फार पुढची गोष्ट. त्याआधी काय होतं ते बघा. उघाडीचं दार उघडतं कधी? बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की. प्रत्येक ओहोटीला ते काही तास उघडं राहतं. बाहेरची पातळी चार बोटं वर आली तर दार उशिरा उघडेल आणि लवकर बंद होईल. दर ओहोटीला थोडा थोडा वेळ कमी. दिवसातून दोनदा, पावसाळ्याचे चार महिने. तेवढं पाणी आत राहिलं, तेवढं मीठ आत राहिलं. समुद्र भिंतीवरून उडी मारून येईल असं आपल्याला वाटतं. खारेपाटात तो आधी आमच्या शेताची मोरी तुंबवतो.

आणि याच काळात वरून येणारं पाणीही बदललं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवलं की महाराष्ट्रासह मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या. म्हणजे चार दिवसांत पडायचं ते एका दिवसात. पाऊस तेवढाच पडला तरी उघाडीला एका दिवसात तो बाहेर काढता येत नाही, शेत कुजतं. मधली उघडीप लांबली तर उलटं संकट. भाद्रपदात भात पोटरीला आलेलं असतं, खाचरातलं गोडं पाणी आटतं आणि खालचं मीठ वर येतं. तेव्हा ओंब्या पळीज होतात. एकाच हंगामात आमच्या एकाच शेतात मी दोन्ही पाहिलं आहे, जुलैत कुजलेली रोपं आणि सप्टेंबरात रिकाम्या ओंब्या.

अरबी समुद्र तापतोय. याच संस्थेच्या दुसऱ्या अभ्यासानुसार १९८२ ते २०१९ या काळात तिथल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. २००९च्या नोव्हेंबरात 'फयान' आलं, तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली, असं आम्ही पाहिलं नव्हतं. ३ जून २०२०ला 'निसर्ग' श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं, वटपौर्णिमा दोन दिवसांवर असताना. आमच्या घराचे पत्रे मागच्या तळ्यात जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा बांधावर गेलो. ऐंशी वर्षांचे बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. जिथं बांधासमोर तिवरांची दाट रांग होती, तिथं झाडं मोडली होती, पानं करपली होती, पण बांध जागेवर होता. जिथं तिवरं तोडून कुणीतरी होड्या लावायला जागा केली होती, तिथं दगड सुटून चिखल पोखरला होता. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एका मोडलेल्या तिवराच्या खोडाला हात लावून म्हणाले, "याला आपुन जलावलाय चुलीत. किती वर्सं."

तिवर, चिप्पी, कांदळ, मारांडी ही आमची खाजणातली झाडं. दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्यात बुडणाऱ्या, हवा नसलेल्या चिखलात ती उभी राहतात. तिवर आपली मुळं पेन्सिलींसारखी चिखलातून वर काढतं आणि त्यांतून श्वास घेतं, नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. सकाळी तिवराचं पान चाटून पाहा, खारट लागेल. या मुळांच्या जाळीत लाटेचा जोर मोडतो, गाळ अडतो आणि जमीन कणाकणानं उंच होते. पिल्लांना लपायला जागा मिळते. त्या चिखलात पानं, काटक्या कुजायला हवाच मिळत नाही, म्हणून झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन तिथं शेकडो वर्षं गाडलेला राहतो. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला की कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला आहे, आणि त्यांच्याभोवती पन्नास मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. त्याआधी २०१२ साली वन विभागात कांदळवन कक्ष सुरू झाला होता. २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. २०२१च्या वन सर्वेक्षण अहवालात महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन नोंदलं आहे आणि त्यातलं सर्वांत जास्त आमच्या रायगडात. मी दर डिसेंबरात आठवीची मुलं घेऊन तिवरं दाखवायला जाते. ही झाडं टिकावीत असं मला मनापासून वाटतं.

पण इथंच एक गाठ आहे आणि ती मला अजून पूर्ण सोडवता आलेली नाही.

शेताला खांड पडली आणि ती भरली गेली नाही, तर दोन-तीन वर्षांत तिथं मारांडी उगवते, मग तिवर. सात-बारावर भातशेती, डोळ्यांसमोर कांदळवन. आता ते तोडायचं नाही, आणि तोडल्याशिवाय बांध घालता येत नाही. खारेपाटातल्या मानकुळे, बहिरीचा पाडा, नारंगीचा टेप या गावांच्या शेतकऱ्यांची शेतं अशीच खाऱ्या पाण्याखाली गेली. गणेशपट्टी तर गावच उठलं. तिथं गेलात तर पडक्या भिंती आणि त्यांच्यामधून चढलेली तिवरं दिसतात. उपग्रहातून पाहणाऱ्याला तिथं हिरवा रंग वाढलेला दिसेल आणि त्याला आनंद होईल. माझी मावशी त्या बाजूची. तिच्यासमोर मी वाढलेल्या कांदळवनाचं कौतुक कुठल्या तोंडानं करू?

बाबांचं म्हणणं असं की बांधाच्या बाहेर तिवर, आत भात, ही आपली हद्द. मला बराच काळ हे पुरेसं वाटायचं. पण समुद्र वर येतोय तसं तिवरांनाही मागे सरकायला जागा हवी आहे, आणि मागे आमचा दगडी बांध आहे. बाहेर भरतीची रेघ चढणार, आत बांध हलणार नाही, मधल्या पट्टीत तिवरं गुदमरणार. ती गेली की बांध उघडा पडणार. म्हणजे फक्त बांध उंच करत राहिलो तर शेवटी बांधही राहणार नाही. माझं मत असं झालं आहे की ज्या शेतांत दहा-पंधरा वर्षांत तिवरं पक्की झाली आहेत, ती जमीन खाडीला सोडावी; पण शेतकऱ्याच्या हातात तिचा पुरता मोबदला ठेवून, आणि त्या कांदळवनातल्या चिंबोऱ्या-कालवांवरचा पहिला हक्क त्याचा ठेवून. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून लोकांना कांदळवन दाखवतात आणि त्यावर घर चालवतात. आपल्या बायकांना ते जमणार नाही असं कुणी म्हणू नये. आणि जिथं भात अजून जिवंत आहे, तिथला बांध मात्र प्राणपणानं राखावा. खांड पडल्याच्या पहिल्या दिवशी, ती दोन हात असताना. त्या दोन हातांसाठी गावाकडे पैसा आणि अधिकार असावा, कागद मागून फिरोत. होळीनंतर जोळाच्या कामाला मजुरी मिळाली तर माझ्या शाळेतली कितीतरी मुलं येतील, मी त्यांना ओळखते.

बियाण्याचंही तसंच. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं कोकणातल्या जुन्या खारवट भातांतून निवडलेले 'काळा राता' आणि 'भुरा राता', पुढे काढलेले 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' हे वाण मीठ सोसतात. आमच्याकडे आजीच्या वेळचा राता कणगीच्या तळाशी होता, तो एका उधाणात गेला. शेजारच्या जोळातल्या एका काकूंनी त्यांचा राखून ठेवला होता, त्यांच्याकडून मी पायलीभर आणला. लाल भात, पेज फार गोड लागते.

आणि नदी. खाडीची चर्चा करताना नदी विसरली जाते. वरच्या अंगाला बंधारे, कारखान्यांचा उपसा, वाळूचा उपसा यांनी अंबेचं गोडं पाणी आणि तिचा गाळ दोन्ही कमी होतात. गाळ आला नाही तर तिवरांखालची जमीन समुद्राबरोबर वर चढू शकत नाही. गोडं पाणी कमी झालं तर उन्हाळ्यात खार नदीत आणखी वर घुसतं. पाली-नागोठण्याच्या माणसाला धरमतरच्या जिताड्याशी आपलं नातं आहे असं वाटत नाही. पण ते आहे, तेच पाणी आहे.

बाबा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत, बांधापर्यंत येववत नाही. या वर्षी पाऊस उशिरा लागला. २ जुलैला मी यंत्र घेऊन खाचरात गेले, चारही कोपऱ्यांत मोजलं. आकडा पेरणीच्या सीमेवर होता, थोडा इकडे, थोडा तिकडे. मोड आलेलं भात घरात तयार होतं, राखलं तर सडणार. मी मधल्या खाचरातलं पाणी स्टीलच्या डब्यात भरलं आणि घरी आणून ओटीवर बसलेल्या बाबांसमोर धरलं. त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले. आई आत चुलीपाशी थांबून ऐकत होती.

"बाय," ते म्हणाले, "अजून दोन पावसं जाऊंदे."